पाच पाऊण पावणेचार

दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर होतं, आणि ते मी मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. ओरोसच्या सभागृहात, पडद्याच्या उजेडात, हातात माइक धरून मी वाचलं, "आज पंचमी. भरती किती वाजता? पावणेचार." शिक्षणाधिकारी साहेबांनी मान डोलावली. मी पुढचं चित्र आणलं. "आज पंचमी. ओहोटी किती वाजता? पावणेचार." साहेबांनी पुन्हा मान डोलावली. समोर जिल्ह्यातले साठ-सत्तर शिक्षक बसले होते, त्यातले निम्मे जेवणाची वाट बघत होते, आणि एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. पावणेचारच्या चौकोनावर हिरवी खूण होती. खाली आकडा होता, शंभर टक्के. "सतरापैकी सतरा!" साहेब म्हणाले. "टाळ्या होऊन जाऊ द्या समीक्षा मॅडमसाठी." टाळ्या झाल्या. समुद्र एकाच वेळी चढतो आणि उतरतो, असं मी तिसरी-चौथीच्या सतरा पोरांना शिकवून ठेवलं होतं आणि त्याबद्दल मला गुलाबाचं फूल मिळत होतं. हे मला तिथेच कळलं. आणि मी थांबले नाही. हे सांगायलाच हवं. "एक मिनिट, इथे माझी चूक झाली आहे," एवढं वाक्य म्हणायला किती वेळ लागतो? मी पुढचं चित्र आणलं, हसले, 'आनंददायी शिक्षण' असं काहीतरी बोलले, प्रमाणपत्र छातीशी धरून फोटोला उभी राहिले. फोटोग्राफरच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. मी लांबूनच आजचा चौकोन शोधला. शनिवार. पंचमी.

पायऱ्या उतरताना मला सगळं एकदम दिसायला लागलं. इंटरनेटवरचा तो खेळ फुकटचा आहे. आपण प्रश्न घालायचे, चार रंगांचे चार चौकोन भरायचे, बरोबर असेल त्यावर हिरवी खूण करायची. पोरं घरून आणलेल्या फोनवर टोपणनाव टाकून खेळतात, मागे धडधडणारं संगीत, वर घड्याळ उलटं धावतं, शेवटी पहिल्या तिघांसाठी पायऱ्या आणि वरून रंगीत कागद. पोरांना वेड लागलं होतं. मलाही लागलं होतं, खोटं कशाला बोलू. भरती-ओहोटीचा खेळ मी एका रविवारी बसून केला. भरतीचे प्रश्न आधी केले. मग तेच प्रश्न उचलून त्यांची नक्कल काढायची सोय असते तिथे, एक बटण. नक्कल काढली, 'भरती'च्या जागी 'ओहोटी' लिहिलं, हिरव्या खुणा एकेक करून सरकवल्या. पंचमीच्या प्रश्नाला आलं तेव्हा गॅसवर दूध होतं. ते मी वेळेवर उतरवलं. खूण राहिली.

माहिती मात्र माझी नव्हती. मी कणकवलीच्या पलीकडची, भाताची आणि काजूची माणसं आमची. समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो अकरावीच्या सहलीत, आणि आज आठ वर्षं समुद्राकाठच्या शाळेत काढूनही घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. ही माहिती राधाबाईची. माझ्या वर्गातल्या दिव्याची आजी. तिला अक्षर येत नाही, पण पाऊणकी येते. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा, जुन्या माणसांना पाठ असायचा. "तिथीची पाऊणकी करायची गे बाई," ओसरीवर तांदूळ निवडता निवडता तिने मला सांगितलं होतं. "पंचमी? पाच पाऊण पावणेचार. पावणेचाराक भरती. थयसून सा तास मागे जावा नायतर पुढे जावा, सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. म्हणजे सहा तास मागे गेलं की पंचमीची सुकती सकाळी पावणेदहाच्या सुमाराला. बस, इतकंच. होड्या, शिंपल्यांतली कालवं, खडपावरचं म्हणजे समुद्रातल्या खडकांवरचं जाणं-येणं, सगळं त्या एका पाढ्यावर चाललेलं. मी हरखून गेले. गणित, भूगोल आणि गावचं शहाणपण एका खेळात! दुसऱ्या महिन्यात साहेबांपर्यंत बातमी पोचली.

दिव्या चौथीत आहे. खेळात पोरं माशांची नावं घेतात, सुरमई, मोरी, पापलेट. दिव्याचं नाव तारली. तारली कायम तळाला. हुशार नाही असं नाही, हळू आहे, दोनदा विचार करते, आणि घड्याळ तेवढ्यात संपतं. काल शुक्रवारी पहिल्यांदा तारली तिसऱ्या पायरीवर आली. वर्गाच्या टीव्हीवर रंगीत कागद पडले आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुटताना माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, आज्येचो पाय सुजलोहा. उद्या मी एकटीच जातलंय खडपार. कालवां काढूक." मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, "एकटी? वेळ बघून जा हं. आता येते ना वेळ काढायला?" "व्हय बाई," ती म्हणाली. "पंचमी. पावणेचार." मी तिच्या गालावर चापटी मारली आणि म्हणाले, "शाब्बास."

शाब्बास म्हणाले मी. बस स्टॉपवर उभी राहून मी हा शब्द परत परत ऐकत होते. ते खडप मी लांबून बघितलं आहे. किनाऱ्यापासून शंभर-दीडशे पावलांवर काळे खडक, त्यांना कालवं चिकटलेली. बाया लोखंडाने ती फोडून काढतात. मध्ये घळ आहे. सुकतीला घळीत गुडघ्याएवढं पाणी, चालत जाता येतं. भरतीचं पाणी आधी त्या घळीत शिरतं, पाठीमागून, आवाज न करता. खडपावर वाकून बसलेल्या माणसाला कळेपर्यंत ते छातीला लागतं. हे राधाबाईनेच सांगितलेलं. शनिवारी शाळा अकराला सुटते. पोरगी घरी जाणार, चार घास खाणार, साडेअकरा-बाराला निघणार. तेव्हा खडप अजून उघडं असेल. तिला वाटेल, पाणी उतरतंय. बाईंनी सांगितलंय, पावणेचारपर्यंत उतरतच राहणार. ती निवांत बसेल. ती दोनदा विचार करणारी पोरगी, पण आज दोनदा विचार करायचं कारणच नाही तिला. माझ्या मनगटावर तेव्हा पाऊण वाजला होता.

फोन लावला. तिचा बाप सुदेश ट्रॉलरवर असतो, त्याचा फोन संपर्कक्षेत्राच्या बाहेर. घरी एक जुना फोन आहे, ज्यावर ती खेळते. तो वाजला, वाजत राहिला. मला दिसत होतं, देवाच्या फळीवर ठेवलेला, वाजणारा, आणि आत सुजलेल्या पायाने झोपलेली राधाबाई. आमच्या शाळेतले दुसरे शिक्षक हरिश्चंद्र सर. ते शनिवारी शाळेचे कागद आवरून साडेबाराला मोटरसायकलवरून कुडाळला घरी जातात आणि गाडीवर फोन उचलत नाहीत, एरवी त्यांच्या या शिस्तीचं मी कौतुक करते. तीनदा लावला. मालवणची गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, प्रमाणपत्राची गुंडाळी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "खंय?" मला गावाचं नाव आठवेना. "मालवण," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."

पालकांचा ग्रुप होता की. एक निरोप टाकायचा, कोणीतरी वाचेल, कोणीतरी धावेल. मी टाइप केलं, 'पंचमीच्या ओहोटीची वेळ खेळात चुकीची आहे.' बोट थांबलं. त्या ग्रुपात केंद्रप्रमुख आहेत. मघाशी सभागृहात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते ते. मी 'चुकीची' पुसून 'तांत्रिक कारणामुळे वेगळी' लिहिलं. मग तेही पुसलं. कसालचा फाटा आला, गाडी हायवे सोडून वळली, बाया टोपल्या घेऊन चढल्या, आणि मी अजून शब्द निवडत होते. एक पोर पाण्यात असेल किंवा नसेल, आणि मी आपली अब्रू झाकेल असं वाक्य जुळवत होते. माझी मलाच इतकी किळस आली की मी डोळे मिटून एका दमात लिहिलं, 'माझी चूक झाली. आज ओहोटी पावणेचारला नाही, भरती आहे. दिव्या खडपावर गेली असेल तर तिला ताबडतोब बोलवा.' पाठवलं. एक बरोबरची खूण उमटली. दुसरी उमटेना. वाडीत फोन वाजतो, पण नेट धड येतं ते सड्यावरच्या, म्हणजे वरच्या माळावरच्या, आंब्याखालीच, आणि कट्टा गाव येईपर्यंत माझ्याही फोनला नेट नसतं. ती एकुलती करडी खूण बघत मी बसले.

मग काहीच करण्यासारखं नव्हतं म्हणून मी खेळाचे जुने निकाल उघडले; ते फोनमध्ये उतरवून ठेवले होते, साहेबांना दाखवायला. पंचमीच्या ओहोटीचा प्रश्न, पाच वेळा खेळलेला. पहिल्या वेळी सतरापैकी चौदा पोरांनी पावणेदहा दाबलं होतं. चौदा लाल खुणा. मला तो दिवस आठवला. पलंगावर बसून, चहा पीत, मी त्या चौदा लाल खुणा बघितल्या होत्या आणि मला वाईट वाटलं होतं: समुद्राकाठची पोरं आणि एवढंही येत नाही यांना. दुसऱ्या वेळी नऊ उरली. तिसऱ्या वेळी तीन. चौथ्या वेळी एकटी तारली. काल कोणीच नाही. याची मी रेघ काढली होती, खालून वर जाणारी, आणि तिला नाव दिलं होतं 'प्रगती'. ती रेघ आज पडद्यावर होती. पोरांना माहीत होतं. त्यांना आईच्या कडेवर असल्यापासून माहीत होतं, आणि मी एकेकाला लाल करून करून ते विसरायला लावलं. शेवटपर्यंत तग धरला तो एका पोरीने, तिलाही मी काल तिसऱ्या पायरीवर चढवून गप्प केलं. गाडी वळणावळणाने उतरत होती आणि मी समोरच्या दांडीला कपाळ टेकवलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "गाडी लागता काय गो? लिंबू देव?" तिने दिलेलं लिंबू मी नाकाशी धरलं. त्या वासाबरोबर आमचं अंगण आलं.

आमच्या अंगणात तेव्हाही कोणीतरी लिंबू चिरलं होतं. मी सातवीत होते. बाबांना, सत्यवान त्यांचं नाव, भाताच्या कुणग्यात बांध घालताना साप चावला. चालत घरी आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "कायतरी चावलाहा गो." माणसं जमली. पाला देणाऱ्याकडे निरोप गेला, तो दुसऱ्या वाडीत होता, त्याला यायला दीड तास लागला, मग पाला वाटला, मग लिंबू, मग वाट बघणं. संध्याकाळी कणकवलीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. आता जे सांगते ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्याच्या आठवडाभर आधी आमची चाचणी झाली होती. प्रश्न होता, सर्पदंश झाल्यास काय कराल? मी लिहिलं होतं, चावलेला भाग हलवू नये, घट्ट बांधू नये, ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यावे. पाचपैकी पाच गुण. ते उत्तर माझ्या डोक्यात होतं, शब्द न शब्द. मी खांबाला धरून उभी होते, बाबा माझ्याकडे बघत होते, आणि ते उत्तर त्या अंगणात उच्चारायचं असतं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते शाळेतलं होतं. मी आत जाऊन वाटीत पाणी आणलं, पाला वाटायला.

म्हणून तर मी शिक्षिका झाले, असं मी समजते. म्हणून मी सगळ्यात आधी केला तो सापाचा खेळ. त्यातली एकेक खूण तीनतीनदा तपासली. कुठे जायचं, काय करायचं नाही, एकशे आठ नंबर. पोरं ते इतक्यांदा खेळली की झोपेत विचारलं तरी सांगतील. समुद्राच्या खेळाला मला फूल मिळालं असेल. माझा खरा खेळ तो सापाचा. त्याच्या सतरा हिरव्या खुणा बघून मी एकदा रडले होते.

चौक्याच्या पुढे खिडकीतून एका वळणावर पाणी दिसलं, चकचकीत, भरगच्च, झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं. खाडीही भरत होती. सव्वादोन. मी देवभोळी नाही, पण त्या वेळी माझ्या तोंडातून गाऱ्हाणं निघालं, देवळात घालतात तसं, ओठांतल्या ओठांत. बा देवा म्हाराजा, आज माजी पोरां माज्यार विसासलेली नसांदेत. मी शिकवलंय ता सगळा त्यांनी ह्या कानान आयकान त्या कानान सोडलेला असांदे. माजो एक शब्द कोणी खरो मानलेलो नसांदे रे म्हाराजा. गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, त्याशिवाय ते पुरं होत नाही. गाडीत कोण म्हणणार? म्हातारी झोपली होती. माझं गाऱ्हाणं तसंच अर्धं राहिलं.

मालवणच्या स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला रस्त्याची तक्रार करत होता, मी नुसती "चला, चला" म्हणत होते. वाडीच्या तोंडाशी उतरले आणि माडांमधून समुद्र दिसला. खडप नव्हतं. जिथे ते असतं तिथे नुसतं पाणी फुटत होतं, पांढरं, मग पुन्हा सपाट. पुळणीच्या वाळूवर माणूस नाही. एक टोपली नाही, चप्पल नाही. मी चपला हातात घेऊन पुळणीवर धावले, मग कशासाठी धावतेय ते न कळून उलटी फिरले आणि दिव्याच्या घराकडे धावले. अंगणाच्या कोपऱ्यावर मी थांबले. रडण्याचा आवाज येतोय का ते मी ऐकत होते. टकटक असा आवाज येत होता.

दिव्या मागच्या दारी पाटावर बसली होती. पुढे कालवांचा ढीग, दगडावर ठेवून ती एकेक फोडत होती, आतलं बोटाने काढून वाडग्यात टाकत होती. वाडगं जवळजवळ भरलं होतं. दाराशी राधाबाई, पाय लांब करून. "अगो बायो," राधाबाई म्हणाली, "बाई इली बघ. घामान भिजलीहा. पाणी आण." मी पायरीवर बसले. "तू गेली होतीस ना खडपावर?" मी विचारलं. ओरडूनच. दिव्याने वाडगं थोडं मागे सरकवलं. तिला वाटलं मी शाळा चुकवल्याबद्दल रागावले आहे. "गेललंय बाई. सकाळीच. म्हणान शाळेक येवक नाय. सुकती तेवाच होती ना."

"पण तू काल मला काय सांगितलंस? पावणेचार म्हणालीस."

"तुमी इचारलास म्हणान सांगलंय." तिने आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग मला समजावावं तसं हळू बोलायला लागली. "ता खेळातला, बाई. पयल्यांदा आमी सगळ्यांनी खरा दाबलाव. तर लाल झाला. मगे आमच्या वर्गातल्या विनीतान सांगल्यान, बाईंका पावणेचार व्हया. म्हणान सगळ्यांनी पावणेचार दाबूक सुरवात केली." जराशाने म्हणाली, "माका लय दिवस बरा नाय वाटला. मगे काल दाबलंय."

बाईंका पावणेचार व्हया. मला हसू आलं. खरंच आलं, खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि राधाबाईही हसायला लागली, काही न कळता. मी दिव्याला जवळ ओढलं. तिच्या हातांना समुद्राचा वास येत होता, बोटांवर ओरखडे होते, ती धड होती, कोरडी होती, जिवंत होती. राधाबाईने चहा ठेवायला सांगितलं. मी भिंतीला टेकले. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. माझं पोरांनी काही मानलं नव्हतं. वाचलो आम्ही सगळे.

समोर कुडाच्या कडेला पेंढ्याची उडवी होती आणि जळाऊ लाकडांचा ढीग, ओला, वर्षभर न हलवलेला. अशाच ढिगात साप बसतात; मी त्याकडे बघत होते. दिव्या चहाचा कप घेऊन आली. तो हातात घेताना मला जे सुचलं ते विचारू नये असं मला आतून कोणीतरी ओरडून सांगत होतं. "दिव्या," मी म्हणाले, "सापाचा खेळ आठवतो? साप चावला तर काय करायचं?"

ती ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली, "चावलेला भाग हलवू नये. घट्ट बांधू नये. एकशे आठ क्रमांकावर फोन करावा. ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यावे." शब्द न शब्द. माझ्याच वहीतला.

"आणि खेळात नाय," मी म्हणाले, आता मीही तिच्याच बोलीत, "खराच चावलो तर? आज्येक चावलो तर खंय नेशात?"

"बाबलीकाकाकडे," ती लगेच म्हणाली. "तो पालो देता."

पर्समध्ये फोन थरथरला. वाडीतलं कोणीतरी आंब्याखाली गेलं असावं, आणि इथेही क्षणभर नेट आलं होतं. माझा निरोप पोचला होता, खाली एकेक उत्तर उमटत होतं, अंगठा, अंगठा, 'ओके बाई', अंगठा. दिव्या परत पाटावर बसली. पलीकडे माडांतून भरतीचा आवाज येत होता, आणि मी हातातला कप खाली ठेवला. माझं गाऱ्हाणं देवाने ऐकलं होतं. पुरतं ऐकलं होतं, सापाच्या खेळासकट.

"बाईंनू, चाय थंड होताहा," राधाबाई म्हणाली. "घेवा बघू."

"व्हय," मी म्हणाले. "व्हय म्हाराजा."